टोनीची अभिनय नामांकनं: "मतं फुटतात" हे पालुपद किती दिवस चालणार?

पिटातला प्रेक्षक
कालच्या गप्पांच्या धाग्यावर 'गल्लापेटी' यांनी ठोकून दिलं की टोनीच्या (न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीचे वार्षिक पुरस्कार) अभिनय नामांकनांचा अंदाज म्हणजे मटका, आणि तीन गोष्टी धरल्या की आकडा लागतो: मोठं नाव हमखास येतं, एका नाटकातले दोघे एकाच गटात आले की मतं फुटून दोघंही जातात, आणि नामांकनांच्या तोंडावर, वसंतात उघडलेलं नाटकच नामांकन समितीला आठवतं. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

2024-25 चाच हंगाम घ्या. डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलनहाल यांच्या 'ऑथेल्लो'ने नाटकांमध्ये आठवड्याच्या गल्ल्याचा विक्रम केला. नामांकनं किती? शून्य. 'द रूममेट'मध्ये रंगमंचावर दोघीच होत्या, मिया फॅरो आणि पॅटी लुपोन. ब्रॉडवेवर लुपोनचा दबदबा केवढा! नामांकन मिळालं फॅरोला.

मतं फुटण्याचं म्हणाल, तर 'पर्पज'मधले जॉन मायकल हिल आणि हॅरी लेनिक्स दोघंही प्रमुख अभिनेत्यांच्या यादीत आले. 'डेथ बिकम्स हर' या म्युझिकलमधल्या (गाण्यांच्या नाटकातल्या) मेगन हिल्टी आणि जेनिफर सिमार्ड दोघीही प्रमुख अभिनेत्रींच्या यादीत.

आणि वसंताचं म्हणाल, तर 'यलो फेस' नोव्हेंबर 2024 मध्येच बंद झालं होतं. डॅनियल डे किमला नामांकन मिळालं आणि फ्रान्सिस जूने तर सहाय्यक अभिनेत्याचा टोनीच नेला. नाटकांच्या गटात (म्युझिकलचा गट वेगळा) प्रमुख अभिनेत्रीच्या पाच नावांतल्या फॅरो आणि लॉरा डॉनेली या दोघींची नाटकं नाताळाआधीच बंद झाली होती. आता सांगा, तुमच्या तीन नियमांतला कुठला उरला?

गल्लापेटी
सोयीची उदाहरणं वेचायची आणि दुसऱ्याला आकडेवाला म्हणायचं! जॉर्ज क्लूनी एप्रिलमध्ये उघडला, आला. सेडी सिंक एप्रिलमध्येच, आली. सेरा स्नूक मार्चअखेर, आली आणि जिंकलीही. फॅरो काय अनोळखी नाव आहे? मी "मोठं नाव" म्हटलं, "प्रत्येक मोठं नाव" म्हटलं नाही.

आणि 'मेबी हॅपी एन्डिंग'चं काय? दहा नामांकनं, वर सर्वोत्कृष्ट म्युझिकल. डॅरेन क्रिस आला, जिंकला. त्याच्यासमोर पूर्ण नाटकभर उभी असलेली हेलन जे. शेन गळाली. आहे का उत्तर?

तिसरी घंटा
उत्तर आहे, पण त्यात मतं फुटण्याचा संबंध येत नाही. शेन आणि क्रिस एका गटात नव्हतेच. टोनीत स्त्री आणि पुरुष गट अजून वेगळे आहेत. शेनच्या गटात ऑड्रा मॅकडोनल्ड, निकोल शर्झिंगर, जास्मिन एमी रॉजर्स, हिल्टी आणि सिमार्ड होत्या. जागा पाच. पाचव्या आणि सहाव्या नावात बरोबरी किंवा अगदी थोड्या मतांचा फरक असेल, तरच यादी वाढते. त्याच वर्षी नाटक आणि म्युझिकल दोन्हींत प्रमुख अभिनेत्यांची नावं सहा-सहा झाली. अभिनेत्रींची पाचच राहिली.

मतं फुटायची तर मत एकच असावं लागतं, हे आधी लक्षात घ्या. नामांकन समितीचा सदस्य एका गटात अनेक नावं निवडतो. हिल आवडला म्हणून त्याला लेनिक्स सोडावा लागत नाही. एकच नाव निवडायची वेळ येते ती पुढे, अंतिम मतदानात. तिथले मतदार निराळे, आणि संख्येने कितीतरी जास्त. तुम्ही दोन पायऱ्यांची खिचडी करताय.

गल्लापेटी
बरं, मग अंतिम फेरीत तरी फुटतात ना? हिल आणि लेनिक्सपैकी कुणी जिंकलं? हिल्टी आणि सिमार्डपैकी?

विंगेतून
तिथेही नेहमी नाही. 2024 ला 'स्टीरिओफोनिक'चे तिघं, विल ब्रिल, इलाय गेल्ब आणि टॉम पेसिंका, सहाय्यक अभिनेत्याच्या एकाच यादीत होते. जिंकला ब्रिल. 2005 ला 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस'चे तिघं, लिव श्रायबर, अ‍ॅलन आल्डा आणि गॉर्डन क्लॅप, पुन्हा एकाच यादीत. जिंकला श्रायबर.

पण तुमचं सगळ्यांचंच मूळ मुद्द्याकडे दुर्लक्ष झालंय. कोण कुठल्या गटात बसतो हे ठरल्याशिवाय अंदाजाला हातच घालू नये. नियम साधा आहे: शुभारंभाच्या प्रयोगाच्या पुस्तिकेत ज्याचं नाव शीर्षकाच्या वर तो प्रमुख, खाली तो सहाय्यक. भूमिका किती मिनिटांची, याला काही किंमत नाही. बदल हवा असेल तर निर्माते टोनीच्या प्रशासन समितीकडे अर्ज करतात आणि समिती हंगामात अनेकदा बसून निर्णय जाहीर करते. ते निर्णय न वाचता केलेली यादी निम्मी चुकणारच. 'स्टीरिओफोनिक'ची अभिनयातली पाचही नामांकनं सहाय्यक गटात का? कारण ते सामूहिक नाटक, वर नाव कुणाचंच नाही.

'ग्लेनगॅरी'तला रिकी रोमा बघा. 1984 ला जो मँटेन्या जिंकला, 2005 ला श्रायबर, दोघंही सहाय्यक म्हणून. 2025 ला तीच भूमिका किरन कल्किनने केली आणि नामांकन मिळालं लेव्हिन ही दुसरी भूमिका करणाऱ्या बॉब ओडेनकर्कला. भूमिकेचा इतिहास बघून अंदाज बांधणारे नेमके इथेच आपटले.

हौशी रंगकर्मी
ही वर-खाली नावांची भानगड ऐकली की आपली राज्य नाट्य स्पर्धा शहाणी वाटते. केंद्रावर अभिनयाची रौप्यपदकं, एक पुरुष एक स्त्री, आणि खाली गुणवत्ता प्रमाणपत्रं. प्रमुख-सहाय्यक काही नाही. दुसऱ्या अंकात एकदाच येणारा शेजारी आणि तीन अंक ओढणारा नायक एकाच फूटपट्टीवर. जाहिरातीत नाव कुठे छापलं, याचा परीक्षकाला काय फरक पडतो?

विंगेतून
फूटपट्टी एक असली की छोट्या भूमिकेला न्याय मिळतो, हे तुम्ही कशावरून म्हणता? केंद्राचे निकाल लागोपाठ वाचा. पदक बहुतेक वेळा नाटक ओढणाऱ्याकडे जातं. वेड, वार्धक्य, व्यसन, अपंगत्व असं ठळक काही असेल तर आणखी लवकर. शेजाऱ्याने नायकाच्या लांबलचक वाक्यावर नेमकी अर्ध्या सेकंदाची थांबणूक घेतली, हशा पिकू दिला आणि मग आपला शब्द टाकला, हे पंधरा-वीस नाटकं बघून झाल्यावर कुठल्या रकान्यात नोंदणार? प्रमाणपत्र मिळतं, मान्य. पण वेगळा गट नाही म्हणजे त्या कामासाठी राखून ठेवलेली जागाच नाही. टोनीत ती आहे म्हणून तर कारा यंग 2022 पासून सलग चार वर्षं नामांकनात आली आणि 2024, 2025 लागोपाठ जिंकली.

हौशी रंगकर्मी
आणि ती जागा पळवतं कोण? प्रमुख गटात गर्दी दिसली की निर्माते अर्ज करून आपला माणूस सहाय्यकात ढकलतात. खरा छोट्या भूमिकेवाला बाहेर. आमच्या केंद्रांना नावं ठेवण्याआधी हे तपासा. थंडीत रिकाम्या नाट्यगृहात नाटक करणाऱ्या पोरांचे निकाल "लागोपाठ वाचा" म्हणून उडवून लावू नका.

विंगेतून
पोरांना कोण नावं ठेवतंय? पद्धतीबद्दल बोलतोय मी. अर्जांचा गैरवापर होऊ शकतो, एवढं मात्र तुमचं खरं.

पिटातला प्रेक्षक
दोघंही जरा दमाने घ्या. अंदाजाला लागणारं एक राहिलंच. एप्रिलमध्ये आउटर क्रिटिक्स सर्कल, ड्रामा लीग, ड्रामा डेस्क या न्यूयॉर्कच्या इतर नाट्यपुरस्कारांच्या याद्या येतात, लोक त्या जशाच्या तशा टोनीवर चिकटवतात. पहिल्या आणि तिसऱ्या यादीत अभिनयाचे गट आता स्त्री-पुरुष एकत्र आहेत आणि ब्रॉडवेबाहेरची नाटकंही असतात. टोनीला पाचशे किंवा जास्त खुर्च्यांची ब्रॉडवे नाट्यगृहंच चालतात. ड्रामा लीगचा अभिनय पुरस्कार एका कलाकाराला आयुष्यात एकदाच मिळतो, त्यामुळे तिथे न दिसलेलं नाव मागे पडलं असं धरू नये. आधी ब्रॉडवेबाहेरची नावं वगळा, उरलेली स्त्री-पुरुष वेगळी करा, मग प्रशासन समितीच्या निर्णयांप्रमाणे गट लावा. एवढं करून प्रत्येक गटात सात-आठ नावं उरतात. खरा अंदाज तिथून पुढे.

गल्लापेटी
नामांकनाच्या पायरीवर मतं फुटतात, हे मागे घेतो. नाटक नोव्हेंबरात बंद झालं म्हणून विसरलं जात नाही, हेही जूमुळे मान्य करावं लागतंय. पण मोठ्या नावाचं मागे घेणार नाही. क्लूनी त्या यादीत अभिनयावर आला, असं तुमच्यापैकी एकाने तरी छातीठोकपणे लिहून दाखवावं.

तिसरी घंटा
लिहिते. ते काम मुद्दाम दाबून ठेवलेलं होतं. बातमी वाचणाऱ्या माणसाचा आवाज, हातवारे जवळजवळ नाहीत, चेहरा कॅमेऱ्यातून पडद्यावर मोठा झालेला. रंगमंचावर याला अभिनय मानायचं की नाही, यावर वाद घाला, मी तयार आहे. पण हे फक्त नावाच्या जोरावर झालं असतं, तर वॉशिंग्टनही त्याच यादीत दिसला असता.