व्हिनेगरच्या पाण्यातून जिवाणू पळून वाचतात का?

कोथरूडकर:
पावसाळ्यात मंडईतून आणलेली पालक-मेथी हल्ली घरोघरी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवतात. माझा याला ठाम विरोध आहे. ई. कोलाय या जिवाणूला व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल नकोसं असतं. ते जाणवलं की तो दूर पोहत जातो, सेकंदाला २०-३० मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट! पातळ द्रावणात तो मरतही नाही, पानाच्या घडीत शिरतो. त्यापेक्षा नळाखाली खळखळून धुवा.

औंधच्या बाई:
अजिबात पटलं नाही. पळायला दिशा हवी. जेमतेम २ मायक्रोमीटरच्या देहाला दोन टोकांमधला फरक पुरत नाही, म्हणून तो काळाची तुलना करतो: आत्ताचं प्रमाण काही सेकंदांपूर्वीपेक्षा जास्त की कमी? मॅकनॅब आणि कोशलँड या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये जिवाणू एकदम वेगळ्या तीव्रतेच्या द्रावणात मिसळले. दिशा कुठलीच नव्हती, तरी पोहण्याची तऱ्हा बदलली. इतकुशा जिवाला ही स्मृती आहे, याचं मला आजही अपार अप्रूप वाटतं.

नकोसं रसायन वाढलं की ‘चे-वाय’ प्रथिनावर फॉस्फेट चढतो, ते कशाभिकेच्या (पोहण्यासाठीच्या शेपटीसारख्या तंतूच्या) मोटरला चिकटतं, मोटर उलट फिरते आणि जिवाणू गिरकी घेतो. पुढची दिशा बरीचशी नशिबावर. प्रमाण घटत गेलं तर सरळ पोहणं लांबतं, बस्स. भांडंभर सारखंच व्हिनेगर असेल तर पळणार कुठे? थोड्या वेळात तो सरावतोसुद्धा.

कोथरूडकर:
भांड्यात सारखं, मान्य. पण घडीत आम्ल उशिरा पोचतं. तेवढा वेळ आत कमी, बाहेर जास्त, हा फरक राहतोच ना?

मुठाकाठ:
नकोसं म्हणजे घातकच, हे तुम्ही गृहीत धरलंय. त्सो आणि ॲडलर यांच्या १९७४ च्या कामात ल्यूसीनपासूनही जिवाणू दूर गेले, आणि ल्यूसीन तर त्यांच्याच प्रथिनांचा घटक! उलट सगळीच घातक रसायनं त्यांना पळवत नाहीत.

औंधच्या बाई:
बरोबर. शिवाय पानाला चिकटून थर धरलेले जिवाणू पोहतच नाहीत. कोथरूडकर, वाहत्या पाण्याचा तुमचा आग्रह योग्य आहे, कारण मात्र चुकीचं देताय.

कोथरूडकर:
घडीचं उत्तर राहिलंच.

औंधच्या बाई:
जुडी सोडा, पानं एकेक सुटी करून धुवा. घडीच उरणार नाही.