लोकलमधून ६१ कळांचा कीबोर्ड: खडखडणारा स्पेसबार आणि मुक्या कळा

ऐरोलीकर: ६१ कळांचा कीबोर्ड ठाणे-वाशी लोकलने रोज सॅकमधून नेतो. हॉट-स्वॅप आहे, म्हणजे कळांखालचे स्विच सोल्डरिंगशिवाय काढता-घालता येतात. स्पेसबार खडखडतो, दोन कळांची अक्षरं कधी उमटतात कधी नाही. शिवाय यात बाणाच्या कळाच नाहीत, त्यांचं काय करायचं?

कोपरीवाला: आधी मुक्या कळा. पुलरने (स्विच उपसायचा चिमटा) स्विच सरळ वर ओढा. पिन वाकलेली असणार. चिमट्याने सरळ करा. बसवताना पीसीबीला (आतल्या सर्किट बोर्डाला) मागून बोटाचा आधार द्याच, नाहीतर स्विचचं सॉकेट बोर्डावरच्या तांब्याच्या पॅडसकट उखडतं, मग सोल्डरिंगशिवाय इलाज नाही. पाच पिनांचा स्विच तीन पिनांच्या बोर्डात बसवायचा तर प्लॅस्टिकचे दोन पाय कापा, धातूचे नव्हे.

वाशी_सेक्टर१७: खडखड स्टॅबिलायझरची, म्हणजे लांब कळ समतोल ठेवणाऱ्या तारेच्या जोडणीची. तारेच्या दोन्ही टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस, स्टॅबिलायझरच्या प्लॅस्टिक घराच्या आत क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा पातळ थर. जास्त लावलंत तर कळ जड होऊन हळू वर येते. तार सपाट काचेवर ठेवून बघा. डुलली तर आधी ती सरळ करा.

कोपरीवाला: बाणांसाठी व्हायामध्ये (कळांची कामं बदलायचं सॉफ्टवेअर) कॅप्सलॉकला एमओ(१) द्या, म्हणजे ती दाबून धरली की कळांचा दुसरा लेयर (कामांचा दुसरा संच) चालू होतो; त्या लेयरवर आय-जे-के-एल ला बाण द्या. बोर्डला व्हाया चालतं ना, तेवढं तपासा. नेताना केबल काढाच, गर्दीत दाब थेट पोर्टवर येतो. कडक केस हवी. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी.