एका ओळीत न मावणारी माती
काका, 'इंदूरला सगळीकडे काळी माती, खाली बेसॉल्टचा कातळ. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालात मातीला एक ओळ पुरे' हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. अशा अहवालासाठी प्रकल्पाआधीच्या मूळ स्थितीची माहिती बहुधा पावसाळा सोडून एकाच ऋतूची घेतात, आणि आपली माती नेमकी तिथेच फसवते. मे महिन्यात आमच्या परसातल्या भेगेत हात मनगटापर्यंत जातो. बादलीभर पाणी ओता, गडप. जुलैत तीच माती फुगून मिटते आणि वर तळं साचतं. मग पाणी मुरण्याचा आकडा कुठला धरायचा?

फुगणं मोजायची चाचणी सोपी आहे. चाळलेली सुकी माती १० ग्रॅम पाण्यात, १० ग्रॅम रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींचं आकारमान ताडून बघायचं. (हल्ली रॉकेल मिळवणं हाच मोठा प्रयोग!)

बेसॉल्टही एकसंध कातळ नव्हे. थरांवर थर: वर सच्छिद्र दगड, मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा, खाली घट्ट काळा पाषाण. प्रकल्पाच्या सांडपाण्याचं तळं खणायचं असेल तर आधी शेजारच्या विहिरीत वाकून बघा. मुरूम कुठे संपतो, झरा कुठून फुटतो, सगळं भिंतीवर दिसतं.