नोटीस पिरियड ९० दिवसांचाच का?

आयटीत अनेक ठिकाणी राजीनाम्यानंतर ९० दिवस थांबावं लागतं. तेवढे दिवस नसतील तर केटी (नॉलेज ट्रान्स्फर, म्हणजे जाणाऱ्याने आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं) कशी होणार, असं त्याचं समर्थन केलं जातं, ते काही पटलं नाही. केटी प्रत्यक्षात कशी होते ते आपल्याला माहीत आहे की! पेपर टाकल्यावर (राजीनामा दिल्यावर) पहिला महिना मॅनेजर 'थांब रे, ऑनसाइटचं बघतो तुझं' (म्हणजे परदेशात क्लायंटकडे पाठवायचं) करत घालवतो. दुसऱ्या महिन्यात बेंचवर (सध्या प्रोजेक्ट नसलेल्यांत) माणूसच सापडत नाही. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी नवखा येतो, टीम्सवर चार कॉल रेकॉर्ड होतात (पुढे कुणी उघडूनही बघत नाही), एक्सेलवर साइन-ऑफ, झालं. तोवर क्लायंटला बिलिंग मात्र चालू. खरी गोम तिथे आहे.

ज्या अमेरिकन क्लायंटची कामं आपण करतो, त्यांच्याकडे दोन आठवड्यांची रीत आहे आणि तीही बहुतेक ठिकाणी कायद्याने सक्तीची नाही. त्यांची प्रोजेक्ट्स काही कोलमडत नाहीत.

बरं, यात कंपन्यांचाही तोटाच. एवढा वेळ हातात असल्यावर माणूस पहिली ऑफर दाखवून दुसरी मिळवतो, दुसरी दाखवून तिसरी. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. मग तेच एचआर 'इमिजिएट जॉइनर हवा' म्हणून जाहिरात टाकणार. आपली माणसं तीन महिने डांबायची आणि दुसऱ्यांची उद्या हवीत!

१९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टनुसार कोर्ट कुणाला जबरदस्तीने नोकरी करायला लावत नाही, फार तर भरपाईचा प्रश्न येतो. घोडं अडतं ते रिलीव्हिंग लेटरवर, म्हणजे कंपनीने रीतसर मोकळं केल्याच्या पत्रावर. बायआउट (पैसे भरून उरलेले दिवस माफ करून घेणं) बहुधा 'कंपनीच्या मर्जीनुसार' असतं. सही करण्याआधी तेवढं कलम वाचून घ्या.