मोठ्यांविना मुले: अराजक की शिस्त?

मूळ मत

मोठ्यांचा धाक गेला की मुले रानटी होतात, हा समज विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या १९५४ सालच्या इंग्रजी कादंबरीने इतका रुजवला आहे की, त्याचा आधार कल्पित आहे याचाच विसर पडतो. प्रत्यक्ष घटना वेगळे सांगते. १९६५ साली टोंगा या पॅसिफिक महासागरातील द्वीपदेशातल्या निवासी शाळेतली सहा मुले होडी घेऊन पळाली, वादळात शीड आणि सुकाणू गमावून आठ दिवस भरकटली आणि अता या निर्जन बेटाला लागली. सप्टेंबर १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियन कप्तान पीटर वॉर्नर यांना ती सापडली, तेव्हा सहाही जण धडधाकट होते. काडीवर काडी घासून पेटवलेला विस्तव त्यांनी वर्षभराहून अधिक काळ विझू दिला नव्हता. पावसाचे पाणी साठवायला झाडांचे बुंधे पोखरले होते आणि कामाच्या पाळ्या जोडीजोडीने लावल्या होत्या. दोघांचे भांडण झाले की दोघांनीही वेगवेगळ्या दिशांना निघून जायचे आणि राग निवळल्यावरच परतायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. एकाचा पाय मोडला, तर इतरांनी तो काटक्यांनी बांधला व त्याचे काम वाटून घेतले.

प्रतिसाद १

घटना खरी, निष्कर्ष घाईचा. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शिते एकाच भांड्यातली हवीत. ही मुले किशोरवयीन, एकाच शाळेतली आणि आधीपासूनची मित्र होती. परस्परांना अनोळखी अशी तीस मुले असती आणि त्यांत सहा-सात वर्षांची पोरे असती, तर अन्न कोणी वाटायचे यावरच फळी फुटली असती. शिवाय जी टोळी भांडून संपली, तिची हकिकत सांगायला कोणी उरत नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ या समाजमानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगासाठी २२ मुलांचे दोन गट केले होते. ते एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेलेच ना?

प्रतिसाद २

गेले, परंतु बक्षिसांच्या स्पर्धा लावून त्यांच्यात वैर पेरणारे मोठेच होते, आणि पुढे पाण्याचा पुरवठा अडल्यावर तीच मुले एकत्र कामाला लागली. लहान मुलांचे म्हणाल, तर २०२३ साली कोलंबियाच्या जंगलात विमान कोसळल्यानंतर हुइतोतो या आदिवासी समाजाची चार भावंडे ४० दिवस तगली. थोरली १३ वर्षांची आणि धाकटे अपघाताच्या वेळी अवघे ११ महिन्यांचे होते. थोरलीने विमानातले कसाव्याचे (एका कंदाचे) पीठ पुरवून वापरले आणि ते संपल्यावर रानातली फळे व बिया शोधल्या.

प्रतिसाद १ (पुन्हा)

हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. खाण्याजोगे काय आणि विषारी काय, हे तिला घरच्या वडीलधाऱ्यांनी शिकवले होते. शिवाय भावंडांत थोरलीचा शब्द आधीच चालतो. तिला अधिकार मिळवावा लागला नाही. अनोळखी मुलांमध्ये तो कोणाला द्यायचा, हा खरा पेच आहे, आणि आपल्या दोन्ही उदाहरणांत तो उद्भवतच नाही.

मूळ मत मांडणारे

तो उद्भवत नाही, हे मान्य. पण मग रानटीपणा मुलांच्या स्वभावात आहे, असे न म्हणता तो अनोळखीपणात आणि टंचाईत आहे असे म्हणावे. तसे असेल, तर मोठी माणसे तरी तेथे निराळी कशी वागतील?

प्रतिसाद १

मोठ्यांनाही मी त्यातून वगळलेले नाही.