ओसरी, परसदार आणि गच्ची: तिन्ही ठिकाणी वेगवेगळे संगीत वाजवायचे असेल तर कोणती व्यवस्था घ्यावी?

बेसावासी यांचा प्रश्न

नमस्कार. नागपुरात बेसा भागात आमच्या घराचे बांधकाम सुरू आहे. विटांचे काम संपले असून पुढच्या महिन्यात प्लास्टर लागेल. घराला अर्धवट उघड्या अशा तीन जागा आहेत. समोर जाळी लावलेली ओसरी आहे, मागे परसदार असून त्याच्या अर्ध्या भागावर पत्रे आहेत आणि वर गच्ची आहे. सकाळी ओसरीत सासऱ्यांना अभंग आणि नाट्यसंगीत ऐकायचे असते. हिवाळ्यात परसदारी गोवऱ्या पेटवून रोडगे-वांग्याचा बेत होतो, तेव्हा वीस-पंचवीस माणसे असतात, आणि कोजागिरीला सगळे गच्चीवर जमतात. प्रत्येक जागेचे गाणे आणि आवाज वेगळा ठेवता यावा, पण कधी मनात आले तर सगळीकडे एकच गाणे लागावे, अशी आमची इच्छा आहे. एका दुकानात चाकांचे दोन मोठे स्पीकर घ्या म्हणाले, तर दुसऱ्या दुकानात सगळे वायरलेस घ्या, तारा हव्यात कशाला, असे सांगितले. कोणाचे ऐकावे?

तारजोड यांचे उत्तर

ताई, प्लास्टरच्या आधी विचारलेत हे फार बरे केले. मी नागपुरात बरीच वर्षे स्पीकर बसवण्याचे काम करतो आणि माझा अनुभव असा आहे की लोक आधी यंत्र निवडतात आणि भिंती रंगवून झाल्यावर तारांचा विचार करतात. यंत्र पाच वर्षांनी बदलता येते, भिंतीतला पाइप मात्र बदलता येत नाही. म्हणून घरातले हवेशीर असे एक कपाट निश्चित करा आणि तिथून स्पीकरच्या प्रत्येक जागेपर्यंत स्वतंत्र पाइप टाकून घ्या. हे पाइप विजेच्या पाइपांपासून फूटभर तरी लांब ठेवा आणि जिथे ओलांडावेच लागतील तिथे काटकोनात ओलांडा.

तारेची जाडी महत्त्वाची आहे. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची तार २० मीटर लांब नेली, तर जाण्या-येण्याचा मिळून सुमारे अर्धा ओहम अवरोध (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) होतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरला तो चालून जातो. गच्चीसारख्या लांबच्या जागेसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्या.

आता चाकांच्या स्पीकरविषयी. मोकळ्या जागेत आवाज परत फेकायला भिंती नसतात, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. कोपऱ्यात एकच मोठा स्पीकर ठेवला, तर त्याच्याजवळ बसलेल्या माणसाला बोलणे अशक्य होते आणि चुलीजवळच्या माणसाला तरीही नीट ऐकू येत नाही. परसदारी आठ-दहा फुटांवर एक असे चार लहान स्पीकर लावून ते हळू वाजवणे मला कितीतरी चांगले वाटते. त्यांना मोनोच ठेवा, म्हणजे सगळ्यांतून एकच आवाज येऊ द्या. रोडगे भाजताना माणसे सारखी इकडून तिकडे फिरत असतात, तेव्हा तबला डावीकडच्या पंगतीला आणि सतार उजवीकडच्या पंगतीला, असे व्हायला नको.

चार स्पीकर म्हटले की अॅम्प्लिफायरचा, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या यंत्राचा, प्रश्न येतो. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहमवर येतो, म्हणजे वीज जास्त ओढली जाते, आणि घरगुती अॅम्प्लिफायरला तो सहसा सोसत नाही. दोन-दोन एकापुढे एक जोडून त्या दोन जोड्या समांतर केल्या, तर पुन्हा ८ ओहम मिळतात. मात्र त्यातला एक स्पीकर बिघडला की त्याचा जोडीदारही गप्प होतो. म्हणून परसदार आणि गच्चीसाठी मी १०० व्होल्ट लाइनची, म्हणजे जास्त व्होल्टच्या एकाच तारेवर अनेक स्पीकर चालवण्याची, पद्धत सुचवीन. शाळा, मंदिरे आणि मंगल कार्यालयांत हीच असते. प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यावर ५ किंवा १० वॅट असा टप्पा निवडायचा. सगळ्या स्पीकरांच्या वॅटची बेरीज करायची आणि अॅम्प्लिफायर त्याहून २० टक्के मोठा घ्यायचा. या पद्धतीत खर्ज थोडा पातळ लागतो, पण गप्पांच्या मागे वाजणाऱ्या गाण्याला ते पुरेसे आहे. ओसरीत सासरे मन लावून ऐकणार, म्हणून तिथे ८ ओहमची चांगली जोडीच लावा.

प्रत्येक झोनला, म्हणजे तिन्हींपैकी प्रत्येक जागेला, एक वाय-फाय स्ट्रीमर (वाय-फायवरून गाणे घेऊन अॅम्प्लिफायरला देणारा डबा) द्या आणि तिन्ही स्ट्रीमर एकाच कंपनीचे घ्या. एका घराण्यातले डबे एकमेकांशी वेळ जुळवून घेतात, वेगवेगळ्या कंपन्यांचे बहुधा घेत नाहीत, आणि मग ओसरी व परसदार यांच्या मधल्या दारात उभे राहिले की एकच ओळ दोनदा ऐकू येते. तिन्ही ठिकाणी वाजवायला ब्लूटूथवर अवलंबून राहू नका. फोन आला की गाणे थांबते आणि फोन खिशात घालून कोणी खाली गेले की तुटते.

गच्चीप्रेमी यांचे उत्तर

तारजोड यांनी तारांचे सांगितले, मी हवामानाचे सांगतो, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे. छताखाली पाऊस कुठून येणार, असे समजून आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये घरातलेच स्पीकर टांगले. मृगाचा पहिला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा आला आणि कागदी कोन फुगले. पुढच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, शेडमध्ये ठेवलेला अॅम्प्लिफायर दर वीस मिनिटांनी तापून आपोआप बंद पडू लागला. शेवटी एक स्पीकर उतरवून जाळी काढली, तर कोनाभोवतीचा फोम बोटांत धरताच भुगा होऊन गळाला आणि मागच्या भोकात कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले निघाले.

म्हणून धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण सांगणारा आयपी क्रमांक पाहूनच स्पीकर घ्या. त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. छताखाली आयपी ५५ चालेल, उघड्या गच्चीवर ६५ किंवा ६६ घ्या. हा क्रमांक उन्हाविषयी मात्र काहीच सांगत नाही, म्हणून पॉलिप्रॉपिलिनचा कोन, भोवती रबर, अॅल्युमिनियमची जाळी आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आहेत का, हे दुकानात उभे राहूनच विचारा. तार स्पीकरमध्ये नेताना आधी खाली वळसा देऊन मग वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी वळशाशीच ठिबकते. आणि अॅम्प्लिफायर कितीही मजबूत असला, तरी तो घरातच ठेवा.

शांत शेजारी यांचे उत्तर

एक बाजू कोणी मांडली नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतल्या संगीतामुळे आपल्या हद्दीवरचा आवाज त्यापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तर उघड्यावर ध्वनिवर्धक लावताच येत नाही. कोजागिरीला दूध आटून चंद्र माथ्यावर येईपर्यंत दहा वाजून जातातच, तेव्हा स्पीकर बंद करून घरच्यांनीच गावे. कट्ट्याच्या आतल्या बाजूला कमी उंचीवर, आपल्याच बसण्याच्या जागेकडे तोंड करून स्पीकर लावले, तर हळू आवाजही पुरतो आणि शेजारच्या खिडकीत कमी जातो. अॅपमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालण्याची सोय असते, ती पाहुण्यांच्या हाती फोन देण्याआधीच घालून ठेवा.

बेसावासी

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. सासरे फोन वापरत नाहीत, आणि गच्चीवर वाय-फाय आताही धड मिळत नाही.

तारजोड

ताई, ओसरीसाठी रिमोट असलेला आणि त्यावर ठरावीक बटणांना प्लेलिस्ट किंवा रेडिओ नेमून देता येईल असा स्ट्रीमर पाहा. सासऱ्यांनी एक नंबरचे बटण दाबले की अभंग सुरू झाले पाहिजेत. परसदारी दाराजवळ भिंतीत आवाज कमी-जास्त करण्याची चकती बसवून घ्या. १०० व्होल्टच्या लाइनसाठी ती वेगळी मिळते आणि तिचे वॅट त्या लाइनवरच्या स्पीकरांच्या बेरजेपेक्षा जास्त असावे लागतात.

तिन्ही स्ट्रीमर खाली कपाटातच राहणार असल्यामुळे गाण्यासाठी गच्चीवर वाय-फाय लागत नाही. पण वर बसून फोनवरून गाणे बदलायचे तर ते लागेल, आणि स्लॅबमधल्या सळयांमुळे सिग्नल अडतो. म्हणून एका वेगळ्या पाइपातून कॅट ६ ही नेटवर्कची केबल गच्चीच्या जिन्यापर्यंत नेऊन तिथे छोटा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा, लावा. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या घरात तिला तीसही लागणार नाहीत. कपाटाला चांगले अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर यंत्रे वाचवणारे उपकरण) हवाच, तरीही पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा.

प्लास्टरवाला येण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा. नंतर कोणी तसबिरीसाठी ड्रिल घेऊन उभे राहिले, तर तार नेमकी कुठून गेली आहे हे त्या फोटोंवरून दाखवता येईल.