फिलिपिन्समधली खासगी संग्रहालयं: राष्ट्रीय संग्रहालय असताना त्यांची गरज काय?

प्रश्न (जुनापट): मनिलाचं राष्ट्रीय संग्रहालय 2016पासून मोफत आहे, चित्रकार हुआन लुनाचं 'स्पोलियारियम' हे चित्र तिथेच आहे. मग खासगी संग्रहालयांत वेगळं काय बघायचं? आणि मालकाच्या पश्चात वारसांनी वाटणी केली, तर संग्रहाचं काय होतं?

सुवर्णरेघ: वेगळं म्हणाल तर आधी सोनं. मनिलाजवळच्या मकाती शहरातल्या आयाला संग्रहालयात (स्थापना 1967) वसाहतपूर्व काळातल्या सोन्याच्या 1,000हून अधिक वस्तू आहेत. सुरिगावला 1981 मध्ये सापडलेल्या ठेव्यातला जवळपास 4 किलोचा, यज्ञोपवीतासारखा अलंकार त्यातलाच. आपल्याकडच्या वाचकाने तो जरूर पाहावा. पण हे सोनं पुरातत्त्वीय उत्खननातून आलेलं नाही, यंत्राने काम चालू असताना वर आलं. कुठल्या थरात, कशाशेजारी होतं याची नोंदच नाही, त्यामुळे काळ ठरवताना मुख्य आधार घडणीच्या शैलीचा. तरीही संग्राहकांनी घेतलं नसतं तर यातलं बरंचसं वितळलं असतं, म्हणून मी त्यांच्या बाजूने आहे.

आधुनिक चित्रकलेसाठी आतेनेओ आर्ट गॅलरी बघा. चित्रकार फर्नांदो सोबेलने दिलेल्या संग्रहातून ती 1960 मध्ये उभी राहिली. फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझालची पत्रं लोपेझ संग्रहालयाकडे आहेत.

कागदोपत्री: वाटणीचा प्रश्न नेमका आहे. वस्तू मालकाच्या नावावर असेल तर ती वारसाहक्कात जाते, दारावर 'संग्रहालय' अशी पाटी असली तरी. म्हणून वस्तू दानपत्राने प्रतिष्ठानच्या नावे करावी लागते, सोबत क्रमांक, मापं, फोटो आणि कुणाकडून कधी घेतली याचा कागद. नुसती उसनी ठेवलेली वस्तू मुदत संपली की परत जाते.

वस्तूंच्या सरकारी नोंदणीला बरेच संग्राहक विनाकारण घाबरतात. 2009च्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार (क्र. 10066) नोंदणीनंतरही ताबा आणि मालकी त्यांचीच राहते, आणि संमतीशिवाय त्यांची माहिती कुणाला देता येत नाही.

वस्तू आधी कुणाकडे होती हा पूर्वेतिहास मात्र कच्चा चालत नाही. सेबू प्रांतातल्या बोल्होऑन चर्चच्या व्यासपीठाचे चार कोरीव फलक 1980च्या दशकात नाहीसे झाले. 2024 मध्ये ते खासगी संग्राहकांकडून राष्ट्रीय संग्रहालयाला दान म्हणून मिळाले आणि सेबूच्या धर्मप्रांताने लगेच परत मागितले. मूळ जागेहून वस्तू हलली ती कुणाच्या परवानगीने, हे घेणाऱ्याने आधी विचारायलाच हवं.

ओलावा: दोघांनीही हवेचा मुद्दा सोडला. जुन्या 'बाहाय ना बातो' (खाली दगडी, वर लाकडी) घरात संग्रह मांडला की सर्वांत मोठी चूक एकच होते: दिवसा एसी, रात्री बंद. आर्द्रता चोवीस तासांत वरखाली होते, लाकडी संतमूर्तींवरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो, हस्तिदंती चेहऱ्यांना उभ्या चिरा जातात. आकडा आदर्श असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. अख्खी खोली पेलवत नसेल तर बंद काचपेटीत सिलिका जेल ठेवा आणि आत आर्द्रतामापक. जेल ओलं झालं की बदला. कागद आणि जलरंगांवर 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश नको.

वाळवीसाठी मूर्तीला भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवा, पाठ आणि तळ दिसेल इतकी जागा सोडून. भुंगेरे लागलेलं रंगवलेलं लाकूड औषधाने भिजवू नका, रंग जातो. प्राणवायू काढलेल्या बंद पिशवीत काही आठवडे ठेवलं की भुंगेरे अळ्यांसकट मरतात.